कवनम् स्टॉपिंग

बाईंनी मला नोकरी दिली त्या दिवशी मी घरी येऊन रडले. कारण नोकरी मिळाली आहे हे मला कळलंच नव्हतं.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. यजमानांची बँकेत बदली झाली ती साताऱ्याहून थेट कुंभकोणमला. मेलकावेरी भागात आम्ही बिऱ्हाड केलं. मला तमिळ येत नव्हतं, भाजीवालीशी मी बोटांनी बोलत असे. एक दिवस घरमालकीण मला हाताला धरून दोन गल्ल्यांपलीकडच्या एका घरी घेऊन गेली. तिथे राहणाऱ्या बाई साक्कोट्टैच्या वाटेवरच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांना हिंदी व चित्रकला शिकवायला कोणीतरी हवं होतं. त्या घरात शिरल्याबरोबर माझ्या कानांवर मराठी पडलं आणि माझे डोळे भरून आले. पण ते मराठी असं होतं, की माझ्या पणजोबांनी लिहिलेलं पत्र कोणी तमिळ चालीत मोठ्याने वाचावं.

बाई दहा मिनिटं बोलल्या. निम्मं मला कळलं. शेवटी मी धीर करून विचारलं, "मग मी केव्हापासून येऊ?"

"अवसर नाहीं," बाई म्हणाल्या.

अवसर नाही म्हणजे संधी नाही, जागा नाही. मी नमस्कार केला आणि निघाले. चौथ्या दिवशी शाळेची आया दारात उभी. तिने खुणांनी सांगितलं, टीचरम्मा विचारतात, तुम्ही आजारी आहात का? बाईंना भेटल्यावर कळलं, तमिळमध्ये 'अवसरम्' म्हणजे घाई. घाई नाही, सवडीने या, असं बाईंनी सांगितलं होतं.

असा आमचा आरंभ. पुढेही मी त्यांच्या सहवासात सहा वर्षं काढली ती बहुतेक अशीच, निम्मं समजून आणि निम्मं चाचपडत.

बाई पन्नाशीच्या होत्या. अंगाने किरकोळ, नऊवारी साडी, पायांत पुरुषी चपला, हातात बारा महिने काळी छत्री. तरुणपणीच यजमान गेले, मूल नव्हतं. भावाने शिकवलं, पुढे भाऊही गेला. त्यांचं घराणं अडीचशे वर्षांपूर्वी राजांबरोबर तंजावरला आलेलं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ हा त्यांचा नियम इतका कडक, की वाक्य बोलता बोलता उंबरा ओलांडला तर उरलेलं अर्धं वाक्य तमिळमध्ये येई. माझ्यासाठी त्यांनी शाळेची कचेरी हे 'घर' ठरवलं आणि व्हरांडा हा परमुलूख. व्हरांड्यात मी मराठीत काही विचारलं, तर त्या मला हाताने आत ढकलत आणि मगच उत्तर देत.

त्यांची दुसरी सवय मला फार जड गेली. एखादी गोष्ट पटल्याशिवाय 'हो' म्हणायचं नाही. वर्गात एखादी मुलगी "कळलं" म्हणाली की त्या म्हणत, "मज अजून कळलें नाहीं. तुज कसें कळलें, सांग." आणि मग तास संपेपर्यंत ती मुलगी आणि बाई दोघीही गोंधळून जात. इन्स्पेक्टरांनी शाळेच्या तपासणीत विचारलं, "सगळं ठीक चाललंय ना?" तर बाई म्हणाल्या, "ठीक म्हणजे किती?" त्या वर्षीचा शेरा चांगला आला नाही.

शाळा रस्त्याला अगदी लागून होती. समोर कालवा, पलीकडे भाताची शेतं, आणि दोन्हीकडे चिंचेची झाडं. साक्कोट्टैकडून येणारा रस्ता शाळेच्या थोडं आधी असा वळायचा, की गाडी फाटकाशी येईपर्यंत दिसायची नाही. बैलगाड्या होत्या तोवर कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मग बस सुरू झाली, भाताच्या पोत्यांच्या लॉऱ्या धावू लागल्या.

दुपारच्या सुट्टीत सेल्वी नावाची तिसरीतली मुलगी कालव्यावर डबा धुवायला पळाली आणि लॉरीखाली सापडली. जीव वाचला. पाय मोडला, मांडीपासून.

आम्ही धावत गेलो. बाई सर्वांत पुढे. लॉरीचा ड्रायव्हर खाली उतरून रस्त्यातच बसला होता. पळून गेला नव्हता. बाईंनी त्याच्यावर छत्री उगारली. तो डोकं न चुकवता रडत एवढंच म्हणाला, "अम्मा, इथं शाळा आहे हे मला कोण सांगणार? पाटी कुठं आहे?"

बाईंची छत्री तशीच वर राहिली. मग त्यांनी ती हळूच खाली घेतली आणि रस्त्याकडे, वळणाकडे, परत रस्त्याकडे पाहत राहिल्या. हे त्यांना पटलं होतं.

सेल्वीच्या बापाने दुसऱ्या दिवशी येऊन तिची पाटी-पुस्तकं नेली. त्याच्यामागून आणखी बापही आले. कोणी भांडलं नाही. "रस्ता वाईट आहे, टीचरम्मा," एवढंच म्हणत आणि मुलीला घेऊन जात. दोन महिन्यांत बावन्न मुलींच्या शाळेत एकतीस उरल्या. तिसाच्या खाली गेल्या तर शाळा बंद होणार हे बाईंना ठाऊक होतं आणि मलाही.

रस्त्यांच्या कचेरीत आम्ही दोघी गेलो. तिथले अधिकारी तरुण, सभ्य गृहस्थ होते. बाईंनी अर्ज दिला, शाळेपुढे धोक्याची पाटी लावा. त्यांनी तो वाचला आणि समजूत घालत म्हणाले, "अम्मा, कुठली पाटी कुठं लावायची हे शास्त्र आहे. या पाट्या ड्रायव्हर लोकांसाठी असतात. तुम्ही गाडी चालवत नाही. तुम्हाला त्यातलं कळणार नाही."

ते हे सहज बोलले. पण 'तुम्हाला कळणार नाही' हे बाईंना कोणी आयुष्यात म्हटलं नसावं. त्यांनी मान हलवली, छत्री उघडली आणि माझ्यापुढे चालू लागल्या. शाळेच्या कचेरीत पाऊल टाकल्यावर म्हणाल्या, "मी मोटार शिकतें."

भावाची एक जुनी काळी मोटार त्यांच्या घरामागच्या छपराखाली वर्षानुवर्षं उभी होती. आत कोंबड्या बसत. भावाच्या जुन्या ड्रायव्हरला त्यांनी बोलावून घेतलं आणि रोज सकाळी सहा वाजता त्या कावेरीकाठच्या रस्त्याने शिकू लागल्या. मागच्या सीटवर मी असे, सोबतीला. मोटारीत कोणती भाषा बोलायची हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. बाईंनी बराच विचार करून ठरवलं, काच वर असेल तर घर, काच खाली असेल तर रस्ता. त्यामुळे उकाड्याने काच खाली घेतली की मला काही कळेनासं होई. ड्रायव्हर बिचारा बाहेर बैल दिसला की "काच, काच!" म्हणून ओरडे. कारण काच वर असताना त्या त्यालाही मराठीतच उत्तर देत आणि त्याला त्यातला एक शब्दही येत नव्हता.

तरी त्या चालवायला लवकर शिकल्या. अडलं ते खुणांपाशी.

धोक्याच्या खुणांचं एक पातळ पुस्तक मिळालं होतं. वर लाल पोकळ त्रिकोण आणि खाली चौकटीत चित्र. मधल्या सुट्टीत ते पुस्तक घेऊन आम्ही कचेरीत बसायचो. शाळेच्या खुणेला होती एक जळती मशाल.

"हें काय?" बाई म्हणाल्या.

मी खाली लिहिलेलं वाचलं. "पुढे शाळा आहे."

"वाचूं नको. पाहा आणि सांग."

"मशाल आहे."

"शाळेपुढें मशाल कां? जाळावयाची आहे काय?"

मी म्हटलं, "ज्ञानाची मशाल असेल, बाई."

"लॉरीवाल्यास ज्ञान कशास? त्यानें ब्रेक दाबावा एवढेंच पाहिजे."

मी पुढचं पान उलटलं. उभी-आडवी रेघ, अधिक चिन्हासारखी. मी चित्रकलेची शिक्षिका, पटकन म्हणाले, "दवाखाना." तर तो निघाला चौरस्ता. रेल्वेच्या फाटकाचं चित्र बाईंना कोंडवाडा वाटला आणि एकदा त्यांनी तसं म्हटल्यावर मलाही ते दुसरं काही दिसेना.

मग बाई ते पुस्तक घेऊन रस्त्यावर उतरल्या. विड्याच्या पानांची टोपली घेऊन जाणारी पानवाली, गाडीवान, कालव्यात म्हशी धुणारा माणूस, सगळ्यांना थांबवून मशाल दाखवत. काय वाटतं, विचारत आणि वहीत लिहून घेत. गाडीवान म्हणाला, पुढे देवाची मिरवणूक आहे. पानवाली म्हणाली, दिवाळीचा भुईनळा. म्हशीवाला बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हे काहीतरी सरकारी आहे." बाईंना हे उत्तर सर्वांत बरोबर वाटलं.

लायसनच्या परीक्षेला मी बरोबर गेले होते. मोटार इन्स्पेक्टरांनी बाईंना गावाबाहेर गाडी चालवायला लावली. बाईंनी ती अशी चालवली, की परत येताना ते निर्धास्तपणे सीटवर रेलून बसले होते. मग त्यांनी मशालीचं चित्र पुढे केलं.

"हे काय आहे, अम्मा?"

"तुम्हाला काय वाटतं ते सांगू, की लोकांना काय वाटतं ते?"

"काय आहे ते सांगा."

"लोकांना भुईनळा वाटतो," बाई वही उघडत म्हणाल्या. "एकोणीसपैकी अकरा जणांना."

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. बाई नापास झाल्या. दुसऱ्या वेळीही तसंच. "अम्मा, 'शाळा' म्हणा, मी सही करतो," असं ते अक्षरशः हात जोडून म्हणाले. बाई म्हणाल्या, "माझी शाळा आहे. तिथं असलं काही नाही. खोटं कसं म्हणू?"

आणि शाळेत पट तीसवर आला होता. मी रागावले. कचेरीत जाऊन म्हटलं, "बाई, एक शब्द म्हणायला तुमचं काय जातं? तिकडे शाळा बंद पडतेय." त्या छत्री घेऊन वर्गावर निघून गेल्या. मला वाटलं आता माझीही नोकरी गेली. पण संध्याकाळी म्हणाल्या, "त्या मशालीस मीच भुललें, अगो. लायसन काय करावयाचें? पाटी पाहिजे होती नव्हे? तूं चित्र काढतेस की. काढ."

"काय काढू?"

"मुलगी काढ. मुलगी येते म्हणून मुलगी. आणि खालीं 'कवन' लिही."

कवन म्हणजे मला कविता. मी विचारलं, "कोणतं कवन, बाई?"

त्यांनी खडू उचलला. मग फळ्यावर तमिळ अक्षरांत लिहून दाखवलं. कवनम्. म्हणजे लक्ष द्या, सावध. आमच्याकडच्या कवितेचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे समजावून घ्यायला मला थोडा वेळ लागला.

तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करून मी पाटी रंगवली. वर लाल त्रिकोण. खाली परकर-पोलक्यातली मुलगी, खांद्याला दप्तर. मला धावती मुलगी काढायची होती, पण धावणारे पाय मला कधीच जमले नाहीत. म्हणून ती उभी राहिली. बाई म्हणाल्या, तिचा हात वर कर, थांबा म्हणत आहे असा. मी हात वर केला. त्याखाली मोठ्या अक्षरांत कवनम्. वळणाच्या अलीकडे चिंचेच्या झाडाजवळ खांब रोवून आम्ही ती लावली आणि बस यायची वेळ झाली तशा फाटकात जाऊन उभ्या राहिलो.

बस वळणावरून आली. मंद झाली. आणखी मंद झाली. आणि पाटीशी थांबली.

बाईंनी माझा दंड घट्ट धरला. इतका, की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं. मग बसचं दार उघडलं आणि विड्याच्या पानांची टोपली घेऊन एक म्हातारी खाली उतरली. कंडक्टरने शिटी वाजवली. बस निघून गेली.



दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीखाली तीन माणसं आणि एक बकरी बसची वाट पाहत उभी. बाई छत्री घेऊन बाहेर गेल्या. मागोमाग मी. एव्हाना बाईंनी उलगडून न सांगताही मला थोडं तमिळ कळू लागलं होतं.

"हा स्टॉपिंग नाही!" बाई म्हणाल्या. त्या भागात बसच्या थांब्याला सगळे स्टॉपिंगच म्हणत.

"मग बस का थांबते?" बकरीवाल्याने विचारलं.

"इथं मुली येतात म्हणून."

"येऊ द्या की. त्याही चढतील."

"ती मुलगी बस थांबवत नाही! ती सांगतेय, सावध!"

माणसाने मान वर करून पाटी नीट पाहिली. "हात तर बस थांबवायलाच वर केलाय," तो म्हणाला. तेवढ्यात बस आली, थांबली, आणि बकरीसकट सगळे चढून गेले.

चूक माझ्या चित्राची होती. मी त्या मुलीचा हात खाली केला. बस थांबतच राहिली. आता म्हणे ती मुलगी उतरून घरी चालली होती. मग आम्ही मुलगीच पुसून टाकली. नुसता त्रिकोण आणि खाली कवनम्. तरीही बस थांबली. आता तर लोकांना नावही सापडलं. मी स्वतः बसमध्ये ऐकलं, एक शेतकरी कंडक्टरला म्हणाला, "ओरु कवनम्." म्हणजे एक कवनम् द्या. आणि कंडक्टरने काही न विचारता तिकीट फाडलं.

बाई त्या दिवसांत फार अस्वस्थ असत. आपण एक सांगावं आणि जगाने दुसरंच ऐकावं हे त्यांना सोसत नव्हतं. एकदा म्हणाल्या, "आपण काय लिहिलें, हें आपल्यासच कळलें नाहीं काय?" चित्र काढणारी मी, तरी मलाच ते कळलं नव्हतं.

पोंगलच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी बसमधून सात मुली उतरल्या. दोन कोसांवरच्या गावातल्या. बरोबर एकच बाप होता. त्याने सांगितलं, इतके दिवस लांब पडत होतं, पायी पाठवायला भीती वाटायची. आता बस शाळेच्या दारात थांबते. पुढच्या आठवड्यात आणखी पाच आल्या. सेल्वी लंगडत का होईना चालू लागली होती. तिचा बाप तिला एका स्टॉपिंगचं अंतर बसने घेऊन आला. बाईंनी हजेरीपटावर नावं लिहिली आणि लिहिताना त्यांचा चेहरा असा होता, की कोणीतरी चुकून दुसऱ्याच्या घरचं ताट आपल्यापुढे ठेवलं आहे, आणि परत करावं की जेवावं ते ठरत नाही.

आणि मग रस्त्यांच्या कचेरीतले ते तरुण अधिकारी आले. सरकारी रस्त्यावर विनापरवाना पाटी लावल्याची तक्रार होती. पाटी काढून न्यायला बरोबर दोन मजूर.

बाईंनी त्यांना कॉफी दिली. ते संकोचून बसले. म्हणाले, "अम्मा, ही धोक्याची पाटी आहे का? असेल तर ती आमची. आमच्याशिवाय कोणी लावू शकत नाही, मला आत्ता उपटावी लागेल. आणि बसचा स्टॉपिंग असेल तर तो बसवाल्यांचा प्रश्न. आमचा संबंध नाही, मी तसं लिहून परत जातो. पाटीकडे पाहून मला काही समजत नाही. वर त्रिकोण आहे. खाली लिहिलंय कवनम्. लावली तुम्ही, तर तुम्हीच सांगा, हे काय आहे?"

पेन उघडून ते थांबले.

मी बाईंकडे पाहिलं. दोनदा नापास झालेली ही बाई. एक शब्द खोटा म्हणायला नको म्हणून शाळा बुडायची वेळ आणलेली. बाहेर व्हरांड्यात मुली पाढे म्हणत होत्या. बाईंनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, आता त्या वही आणायला उठणार. किती जणांना काय वाटतं ते मोजून सांगणार.

"स्टॉपिंग," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं, सुटल्यासारखा श्वास सोडला, कॉफी संपवली. मजूर परत गेले. बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. कॉफीचे पेले उचलता उचलता मी विचारलं, "बाई, मनापासून म्हणालात की नुसतं वेळ मारून नेलीत?"

"मज ठाऊक नाहीं," त्या म्हणाल्या. "विचारूं नको."

मी विचारलं नाही. पुढेही कधी नाही. त्यांना ते खरंच वाटलं होतं की शाळेपायी त्यांनी आयुष्यातलं पहिलं खोटं उत्तर दिलं होतं, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही.

त्याच दिवशी शाळा सुटताना आम्ही दोघी फाटकात होतो. मुलींचा लोंढा दप्तरं सावरत रस्त्याकडे धावला. तेवढ्यात वळणावरून बस आली. कंडक्टर दारात लोंबकळत होता. नेहमीप्रमाणे पत्र्यावर थाप मारत, घसा ताणून तो ओरडला, "कवनम्! कवनम्! कवनम्!"

धावणाऱ्या मुली रस्त्याच्या कडेला गपकन थांबल्या.

बाईंचा हात फाटकावर होता, तो तसाच राहिला. बस रस्ता अडवून उभी राहिली. तिच्या मागे पोत्यांनी भरलेली लॉरी आली, तिला वाट मिळेना, ड्रायव्हर जोरजोरात भोंगा वाजवू लागला. कंडक्टर त्याच्याकडे वळून हात वर करून ओरडला, "कवनम्!" आता त्याने स्टॉपिंगचं नाव सांगितलं की त्याला सावध केलं, मला कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं. एकेक करून सगळ्या मुली पलीकडे गेल्या. शेवटची मुलगी जाईपर्यंत लॉरी जागची हलली नाही.